साइट्सच्या नोंदी: परवान्याची ओळ आणि जप्तीची ओळ

वन्यजीव व्यापाराची माहिती भरणाऱ्याकडे दोन प्रकारचे कागद येतात. एक परवाना, दुसरा जप्तीचा पंचनामा. जात, प्रमाण, देश, तारीख असे रकाने दोन्हींत सारखेच दिसतात, म्हणून दोन्ही एकाच तक्त्यात भरले जातात. तसं झालं की कायदेशीर व्यापार फुगतो आणि तस्करी आकड्यांतून गायब होते.

साइट्स हा धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणारा करार १९७५ पासून लागू आहे, भारत त्यात १९७६ मध्ये आला. सदस्य देशांना दरवर्षी दोन अहवाल द्यावे लागतात: वैध व्यापाराचा, आणि २०१६ सालच्या माहितीपासून अवैध व्यापाराचाही. दोन्हींची मुदत पुढच्या वर्षीची ३१ ऑक्टोबर. ऐन ऑक्टोबरात दोन्ही गठ्ठे एकाच टेबलावर येतात आणि सरमिसळ होते ती तेव्हाच.

परवान्याची ओळ म्हणजे परवानगी घेऊन सीमा ओलांडलेला माल. त्यात शास्त्रीय नाव, परिशिष्ट (साइट्सच्या कोणत्या यादीत ती जात आहे), मालाचं स्वरूप, प्रमाण, एकक, आयात आणि निर्यात करणारे देश, मूळ देश, हेतू आणि स्रोत लागतात. व्यापारी हेतूसाठी 'टी', प्राणिसंग्रहालयासाठी 'झेड'. जंगलातून आलेल्यासाठी 'डब्ल्यू', बंदिस्त प्रजननातल्यासाठी 'सी'. इथे सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे दिलेला परवाना हाच झालेला व्यापार मानणं. निर्यात परवाना सहा महिने चालतो. नोव्हेंबरात ५०० किलोचा परवाना निघाला आणि मार्चमध्ये त्यावर ३२० किलो माल गेला, तर खरी नोंद पुढच्या वर्षात, ३२० किलोचीच. सीमाशुल्काचा शेरा आणि शिक्का मारलेली प्रत हाती नसेल तर ओळ 'दिलेल्या परवान्यावर आधारित' आहे हे स्पष्ट लिहा. निर्यातदार आणि आयातदार देशांचे आकडे जुळत नाहीत, त्यामागे बहुतेकदा हेच कारण असतं. म्हणून या दोन आकड्यांची बेरीज कधीही करू नये.

जप्तीची ओळ एका घटनेची असते. घटना क्रमांक, जप्तीची तारीख, ठिकाण, पकडणारी यंत्रणा, वाहतुकीचं साधन, माल कसा लपवला होता, संशयित मूळ देश, मार्गातले देश, शेवटचं ठिकाण, लागलेलं कलम आणि मुद्देमालाचं पुढे काय झालं, हे सगळं त्यात येतं. जप्ती विमानतळावरच व्हायला हवी असं नाही. साइट्सच्या यादीतल्या जातीचा माल एखाद्या वनपरिक्षेत्रात घरझडतीत सापडला तरी तो याच अहवालात जातो. 'देशाबाहेर गेला नाही' म्हणून अशी प्रकरणं गाळणं चूक आहे. माग काढायला खरी मदत त्यांचीच होते.

आता खरा सापळा: स्रोताचा 'आय' कोड. त्याचा अर्थ जप्त केलेला नमुना, त्यामुळे जप्ती दिसली की बोट आपोआप 'आय'कडे जातं. पण हा कोड परवान्याच्या तक्त्यातला आहे. आधी जप्त झालेला माल पुढे रीतसर परवान्यावर दुसऱ्या देशात गेला, तर त्या प्रवासासाठी तो वापरायचा, तोही दुसऱ्या स्रोत-कोडच्या जोडीने. २०१८ मध्ये सिंगापूरहून ५१ तारा कासवं कर्नाटकात परत आणली गेली. अशा परतीच्या प्रवासाची नोंद परवान्याच्या तक्त्यात होते. मुळात जप्ती झाली असेल तर ती वेगळ्या ओळीत, वेगळ्या अहवालात.

एककाचा रकाना रिकामा राहिला तर तो आकडा नगांचा धरला जातो. म्हणजे ४० किलो खवले लिहिताना 'किलो' सुटलं की ते ४० खवले होतात. जप्तीत आणखी एक मोह असतो: खवल्यांवरून खवले मांजरं किती, हे काढून ते लिहिणं. आग्नेय आशियातल्या एका जातीसाठी प्रति जनावर साधारण ३६० ग्रॅम खवले धरतात, आफ्रिकेतल्या महाकाय जातीसाठी ३.६ किलो. जात चुकली तर हिशेब दहापट चुकतो. जे तोललं तेच लिहा, रूपांतर विश्लेषकावर सोडा. एकाच खेपेत जिवंत आणि मेलेली कासवं असतील तर घटना क्रमांक एक, ओळी दोन.

नावाच्या रकान्यात पंचनाम्यातलं नाव जसंच्या तसं उतरवू नका. 'हाथाजोडी' वनस्पतीचं मूळ म्हणून विकली जाते. प्रत्यक्षात अनेकदा ते घोरपडीचं वाळवलेलं जननेंद्रिय असतं. प्रयोगशाळेचा अहवाल येईपर्यंत 'व्हॅरॅनस' एवढ्या प्रजातीच्या (जीनसच्या) नावावर थांबा, पुढचं जातीचं नाव अंदाजाने जोडू नका. देशांच्या कोडमध्येही जपा: भारत 'आयएन', इंडोनेशिया 'आयडी'.

जप्तीच्या तक्त्याला दुबार नोंदींचा उपद्रव जास्त असतो. एकच कारवाई सीमाशुल्क, वनविभाग आणि वर्तमानपत्र असा तीन वाटांनी येते, प्रत्येकात वजन थोडं वेगळं आणि बातमीची तारीख एक-दोन दिवस पुढची. तारीख, ठिकाण, जात आणि प्रमाण या चारांपैकी तीन जुळली तर नवी ओळ उघडण्याआधी पीओआर (वनविभागाचा प्राथमिक गुन्हा अहवाल) किंवा गुन्हा क्रमांक मागवा. तो मिळेपर्यंत ओळ 'तपासणी बाकी' अशी खूण करून ठेवा आणि बेरजेत धरू नका.