‘टेन कमांडमेंट्स’ बघताय? आधी साल बघा

या नावाचे दोन गाजलेले चित्रपट आहेत आणि दोन्हींचे दिग्दर्शक एकच, सेसिल बी. डिमिल. एक १९२३ चा मूकपट, दुसरा १९५६ चा रंगीत, तब्बल ३ तास ४० मिनिटांचा. समुद्र दुभंगण्याचा प्रसंग दोन्हींत आहे, म्हणून आठवणींची सरमिसळ होते.

पण दुसरा म्हणजे पहिल्याचीच रंगीत आवृत्ती नव्हे. १९२३ च्या चित्रपटात मोझेसची, म्हणजे इजिप्तच्या गुलामीतून आपल्या लोकांना सोडवून नेणाऱ्या बायबलमधल्या प्रेषिताची, कथा फक्त सुरुवातीच्या भागात आहे. नंतर एकदम त्या काळातलं सॅन फ्रान्सिस्को येतं. दोघा भावांपैकी एक बांधकाम कंत्राटदार. चर्च बांधताना तो सिमेंटमध्ये हात मारतो आणि तीच भिंत त्याच्या आईच्या अंगावर कोसळते. हा उत्तरार्ध आज फार उपदेशी वाटतो. पूर्वार्ध मात्र अजून थक्क करतो. कॅलिफोर्नियातल्या ग्वाडलूपच्या वाळूच्या टेकड्यांवर फेरोचं, म्हणजे इजिप्तच्या राजाचं, अख्खं नगर खरोखर उभं केलं होतं. चित्रीकरणानंतर ते तिथेच वाळूत गाडलं गेलं. अलीकडे उत्खननात त्यातल्या प्लास्टरच्या स्फिंक्सचे अवशेष सापडले.

समुद्राचं म्हणाल तर तेव्हा जेलीच्या लाद्या वितळवून ते चित्रण उलटं फिरवलं होतं. १९५६ मध्ये टाक्यांमध्ये पाणी ओतलं आणि तेही उलटं दाखवलं. त्या करामतींना ऑस्कर मिळालं, तरी वेगळं चित्रित करून जोडलेल्या माणसांभोवतीच्या कडा आज दिसतात. अग्निस्तंभ तर सरळ चितारलेला वाटतो. चार्ल्टन हेस्टन आणि अ‍ॅन बॅक्स्टर यांचे संवाद नाटकी आहेत. युल ब्रायनरचा फेरो रामसेस मात्र नुसता उभा राहिला तरी नजर हलत नाही.

तरीही नव्या प्रेक्षकाला मी १९५६ चाच सुचवेन, ते इजिप्त सोडून निघण्याच्या प्रसंगासाठी. हा भाग प्रत्यक्ष इजिप्तमध्ये चित्रित झालाय. हजारो माणसं, गुरंढोरं, गाड्या, पोरंबाळं, आणि सगळी खरी. त्या गर्दीत मरणाला टेकलेला एक म्हातारा अंजिराचं रोप छातीशी धरून आहे, नव्या भूमीत लावायला. ती भूमिका केलेल्या एच. बी. वॉर्नर यांनी डिमिल यांच्याच १९२७ च्या मूकपटात येशू साकारला होता. श्रेयनामावलीत नाव असलेला हा त्यांचा शेवटचा चित्रपट. त्यांचा आवाज किती क्षीण झालाय ते ऐका, आणि ती बोटं रोप कशी सोडत नाहीत ते बघा.