निर्वासित स्त्रियांचं संरक्षण : पार्श्वभूमी

जुलै १९५१ मध्ये जिनिव्हात निर्वासितांच्या कराराचा मसुदा पक्का होत होता. भेदभावाला मनाई करणाऱ्या कलमात वंश, धर्म यांच्या जोडीला लिंगाचाही उल्लेख करावा, असं युगोस्लाव्हियाच्या प्रतिनिधीनं सुचवलं. सूचना टिकली नाही. लिंगावरून छळ झाल्याची प्रकरणं पुढे येतील याबद्दल खुद्द संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक उच्चायुक्तांनीच दाट शंका व्यक्त केली. करारात छळाची पाच कारणं आली : वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, राजकीय मत आणि विशिष्ट सामाजिक गट.

या शेवटच्या कारणानंच पुढे स्त्रियांना वाट मिळाली. समाजाचे रीतिरिवाज मोडले म्हणून छळ सोसणाऱ्या स्त्रियांना असा गट मानायला सदस्य देश मोकळे आहेत, असं उच्चायुक्तांच्या कार्यकारी समितीनं १९८५ मध्ये म्हटलं. 'मोकळे आहेत', म्हणजे बंधन नाहीच. तरी कॅनडानं १९९३ मध्ये अशा अर्जांसाठी स्वतंत्र मार्गदर्शक सूचना काढल्या. ४ ऑक्टोबर २०२४ ला युरोपीय संघाच्या न्यायालयानं अफगाण स्त्रियांबाबत निकाल दिला : अर्जदार स्त्री आहे आणि अफगाण आहे, एवढं पाहणं पुरेसं ठरू शकतं, तिला व्यक्तिशः काय धोका आहे हे वेगळं सिद्ध करायला लावण्याची गरज नाही. इथवर यायला ७३ वर्षं लागावीत, हे अन्यायकारकच आहे.

छावणीतला प्रश्न मात्र कोर्टात सुटणारा नव्हता. केनियातल्या दादाबच्या छावण्यांत सोमाली बायका सरपणासाठी झुडपांत दूरवर जात आणि तिथेच त्यांच्यावर बलात्कार होत. १९९० च्या दशकाच्या अखेरीस सरपण वाटायला सुरुवात झाली. वाटप सुरळीत असताना त्या वाटेवरचे हल्ले घटले, पण इतर ठिकाणचे वाढले. सरपण हे निमित्त होतं, हल्लेखोर मोकळेच होते.

दुसरी अडचण कागदाची. नोंद कुटुंबप्रमुखाच्या, म्हणजे बहुधा नवऱ्याच्या नावावर, आणि शिधाही त्याच्याच हाती. नवरा सोडून गेला किंवा मारहाण करू लागला, की बाईकडे दाखवायला काहीच उरत नसे. उच्चायुक्तांच्या कार्यालयानं १९९१ मध्ये स्त्रियांच्या संरक्षणाच्या मार्गदर्शक सूचना काढल्या होत्या. २००१ मध्ये त्यापुढे जाऊन पाच वचनं दिली गेली. त्यांत प्रत्येक स्त्रीची स्वतंत्र नोंद, अन्नवाटपात थेट सहभाग आणि पाळीसाठी लागणारं साहित्य होतं. मला पहिलं वचन सर्वांत मोलाचं वाटतं, कारण स्वतःच्या नावाचा कागद असला की शिधा, उपचार आणि तक्रार या तिन्हींसाठी दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहावं लागत नाही.

लगेच २००२ मध्ये गिनी, लायबेरिया आणि सिएरा लिओनमधून भयंकर माहिती बाहेर आली. मदत वाटणारेच अन्नाच्या बदल्यात मुलींचं लैंगिक शोषण करत असल्याच्या तक्रारी होत्या. २००३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवांनी नियम जारी केला : मदतीच्या बदल्यात शरीरसंबंध, किंवा १८ वर्षांखालील कुणाशीही संबंध, हे नोकरीवरून काढून टाकण्याजोगं गैरवर्तन ठरेल.