पुण्याच्या नद्या: बीओडीच्या आड राहिलेले धातू

पवना दापोडीला मुळेत येते, मुळा संगमावर मुठेला भेटते आणि मुळा-मुठा रांजणगाव सांडसला भीमेत जाते. पुढे उजनी धरण. बातमी होते ती बहुतेक वेळा फेसाची किंवा जलपर्णीची. पाण्यात विरळ झालेल्या धातूंना ना रंग ना वास.

1954 मध्ये पिंपरीत पेनिसिलिनचा कारखाना आला, साठच्या दशकात भोसरी-चिंचवडला एमआयडीसी. पुढे वाहन उद्योग फोफावला आणि नट-बोल्ट, ब्रॅकेट बाहेरून प्लेटिंग (धातूचा मुलामा) करून आणायची जॉबवर्कची पद्धत रुळली. मोठ्या कंपनीच्या आवारात सांडपाण्याचा प्लांट असतो. दोन टाक्यांच्या गाळ्यात धुण्याचं पाणी कुठे जातं, हे त्या गल्लीतल्यांना विचारावं. त्या पाण्यात क्रोमियम, निकेल, जस्त असतं.

खरा घोळ मोजमापाचा आहे. 1974 च्या जलप्रदूषण कायद्यानंतर नद्यांचे वापरानुसार 'ए' ते 'ई' असे पाच वर्ग पडले. निकष कोणते? विरघळलेला प्राणवायू, बीओडी (सेंद्रिय घाणीचं माप), सामू (पीएच), कोलिफॉर्म (मैल्यातले जीवाणू), अमोनिया. सिंचनाच्या 'ई' वर्गात बोरॉन येतो, पण तो धातू नव्हे. 2018 च्या यादीत देशातले 351 नदीपट्टे प्रदूषित ठरले, त्यात सर्वाधिक, 53, महाराष्ट्रातले, ती यादीही बीओडीवरूनच. प्लेटिंगवाल्याच्या दारात षट्संयुजी क्रोमियमला (क्रोमियमचा जास्त विषारी प्रकार) लिटरमागे 0.1 मिलिग्रॅमची मर्यादा आहे. तेच पाणी नदीत पडलं की वर्ग ठरवताना क्रोमियमचा विषयच निघत नाही.

त्यात आणखी एक गंमत. बीओडी म्हणजे सेंद्रिय घाण खाताना जीवाणू वापरतात तो प्राणवायू. धातू जास्त असले तर चाचणीच्या बाटलीतले जीवाणूच मंदावतात किंवा मरतात आणि आकडा कमी येतो. म्हणजे विषारी पाणी कागदावर बरं दिसू शकतं. मैलापाण्याच्या हिशेबाला ही मोजपट्टी ठीक होती, पण उद्योगनगरीतल्या नदीलाही तीच लावणं ही सोय होती, शास्त्र नव्हे.

पिण्याच्या पाण्याच्या मानकात धातू आहेत. तिथे शिशाची मर्यादा 1991 मध्ये लिटरमागे 0.05 मिलिग्रॅम होती, 2012 मध्ये 0.01 झाली. मधल्या काळात पाणी तेच राहिलं, 'सुरक्षित'चा अर्थ बदलला. शिवाय धातू बरेचसे गाळात बसतात आणि वर्गवारी पाहते वरचं पाणी. प्राणवायू नसलेल्या काळ्या गाळात ते सल्फाइडच्या रूपात अडकून असतात. गाळ उपसून काठावर पसरला, त्याला हवा लागली, की सुटू लागतात. नदीकाठ सुधारण्याच्या घाईत हे कोणी लक्षात घेतं का?

2000 च्या नदी नियमन धोरणात उद्योगांना नदीपासून ठराविक अंतर राखावं लागे. 2015 मध्ये ते धोरणच रद्द झालं. लगेच 2016 मध्ये जपानी कर्जातून पुण्यासाठी 11 मैलाशुद्धीकरण केंद्रं मंजूर झाली, क्षमता दिवसाला 396 दशलक्ष लिटर. योगायोग असा की कॅडमियमने हाडं ठिसूळ करणारा इताई-इताई रोग सरकारदप्तरी नोंदला गेला तो जपानमध्येच, जिंझू नदीकाठी, 1968 साली. जीवाणूंकडून मैला साफ करणाऱ्या अशा केंद्रात धातू नष्ट होत नाहीत. काही पाण्याबरोबर पुढे जातात, बाकीचे केंद्रातल्या गाळात उतरतात आणि तो गाळ खत म्हणून शेतात गेला की पुन्हा मातीत.

धोका नदीत पाय बुडवणाऱ्याला कमी, खाणाऱ्याला जास्त. कॅडमियम पालकासारख्या पालेभाज्या सहज ओढून घेतात. मूत्रपिंडात तो दहा ते तीस वर्षं मुक्काम ठोकतो. शिसं मुलांच्या मेंदूवर परिणाम करतं आणि त्याची सुरक्षित पातळी अशी सापडलेली नाही. मुंढव्याहून उचललेलं पुण्याचं सांडपाणी कालव्यातून हवेली-दौंडच्या रानात जातं. उजनीतली चिलापी मासळी बाजारात येते आणि सोलापूर शहर त्याच धरणाचं पाणी पितं.