नेब्रास्कात कोच का टिकत नाहीत?

२९ नोव्हेंबर २००३ रोजी नेब्रास्का विद्यापीठाने आपल्या फुटबॉल संघाचे मुख्य प्रशिक्षक फ्रँक सोलिच यांना घरी पाठवलं. आदल्याच दिवशी संघाने कोलोराडोला हरवलं होतं. त्या हंगामाचा हिशेब होता १२ सामन्यांत ९ विजय, आणि सोलिच यांच्या सहा वर्षांचा ५८ विजय, १९ पराभव. क्रीडा संचालक स्टीव्ह पीडरसन यांचं म्हणणं असं, की संघ सामान्यांच्या रांगेत जाऊन बसलेला त्यांना चालणार नाही. पुढच्या वर्षी नवा कोच आला आणि नेब्रास्काने ११ पैकी ६ सामने गमावले. जिंकलेल्यांपेक्षा हरलेले सामने जास्त, असं १९६१ नंतर प्रथमच घडलं.

हा फुटबॉल म्हणजे कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर रंगतो तो नव्हे. लंबगोल चेंडूचा, हेल्मेट घालून अंगावर धावून जाण्याचा हा अमेरिकी खेळ, आणि तोही विद्यापीठांमधला. नेब्रास्का राज्याची लोकसंख्या जेमतेम वीस लाख. व्यावसायिक लीगमधला एकही मोठा संघ तिथे नाही. त्यामुळे लिंकन शहरातल्या मेमोरियल स्टेडियमवर सगळ्या राज्याचा जीव गोळा होतो. १९६२ पासून तिथल्या प्रत्येक सामन्याची तिकिटं संपलेली आहेत.

सोलिच यांच्यानंतर बिल कॅलाहन आले: चार हंगामांत २७ विजय, २२ पराभव, हकालपट्टी. मग बो पेलिनी. त्यांनी सातही हंगामांत किमान नऊ सामने जिंकले, तरीही २०१४ मध्ये हकालपट्टी. माइक रायली: १९ विजय, १९ पराभव, हकालपट्टी. स्कॉट फ्रॉस्ट: १६ विजय, ३१ पराभव, आणि २०२२ चा हंगाम सुरू होऊन तीन सामने होतात न होतात तोच हकालपट्टी. माणसं बदलली, डावपेच बदलले, स्वभावही बदलले. पेलिनी तापट, रायली अगदी मवाळ. उतरण मात्र थांबली नाही.

हे सगळेच नालायक होते असं मानणं सोपं आहे. पण कोच काढण्याचा परिणाम नेमका काय होतो, याचा अभ्यास करणाऱ्यांना आकडे वेगळंच सांगतात.

आधी नशिबाचा हिशेब करू. विद्यापीठाचा संघ नियमित हंगामात साधारण १२ सामने खेळतो. समजा एक संघ असा आहे, की प्रत्येक सामन्यात त्याची जिंकण्याची शक्यता बरोबर निम्मी. म्हणजे बारा वेळा नाणं उडवायचं. अशा संघाला ४ किंवा त्याहून कमी विजय मिळण्याची शक्यता १९ टक्के निघते, आणि ८ किंवा त्याहून जास्त मिळण्याचीही तेवढीच. खेळाडू तेच, कोच तोच, सराव तोच. एका वर्षी चार विजय आले की वर्तमानपत्रं राजीनामा मागतात, दुसऱ्या वर्षी आठ आले की करार वाढवून मिळतो. त्यात हा चेंडू लंबगोल. हातातून निसटून जमिनीवर पडला की कुठे उसळेल त्याचा नेम नाही आणि तो कोणाच्या हाती लागेल हे बव्हंशी दैवावर असतं. असे दोन-तीन चेंडू हंगामाची दिशा ठरवतात.

फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८६ मध्ये आईवडील आणि मुलांच्या उंचीचे आकडे मांडून दाखवलं, की फार उंच आईवडिलांची मुलं उंच असतात, पण सहसा आईवडिलांइतकी नाही. फार बुटक्यांची मुलं त्यांच्याइतकी बुटकी नसतात. टोकाच्या मोजमापात थोडा वाटा योगायोगाचा असतो आणि पुढच्या मोजमापात तोच योगायोग पुन्हा जुळून येत नाही. संख्याशास्त्रात याला सरासरीकडे परतणं म्हणतात. आता कोचला काढतात कधी? संघ तळाला गेल्यावर. म्हणजे नेमका त्या क्षणी, जेव्हा काहीच केलं नाही तरी पुढचा हंगाम थोडा बरा जाण्याची शक्यता जास्त असते. सर्दी औषध घेतलं तर सात दिवसांत आणि नाही घेतलं तर आठवड्यात बरी होते, तसंच हे. श्रेय मात्र नव्या कोचला मिळतं.

हे तपासायचं तर औषध न घेतलेले रोगीही बघावे लागतात. डच अर्थशास्त्रज्ञ बास तेर वेल यांनी तेच केलं. त्यांच्या देशातल्या, म्हणजे आपल्या ओळखीच्या फुटबॉलच्या, १९८६ ते २००४ या काळातल्या अव्वल लीगचे निकाल त्यांनी घेतले. मॅनेजरला काढलेले संघ एका बाजूला आणि तितकीच घसरगुंडी होऊनही न काढलेले संघ दुसऱ्या बाजूला. दोन्ही जवळपास सारखेच सावरले.

अमेरिकी विद्यापीठांच्या फुटबॉलवर असाच अभ्यास अ‍ॅडलर, बेरी आणि डोहर्टी या तीन राज्यशास्त्रज्ञांनी केला. त्यांच्या हाती १९९७ पासूनचे आकडे होते. अगदी रसातळाला गेलेल्या संघांना कोच बदलून फारसा फायदा झाला नाही, तोटाही झाला नाही. पण जे संघ बरे चालले होते, फार चांगले नाही आणि फार वाईट नाही, त्यांनी कोच बदलला तेव्हा पुढची काही वर्षं ते आपल्यासारख्याच पण कोच न बदललेल्या संघांपेक्षा मागे पडले. नेब्रास्काची २००३ आणि २०१४ ही वर्षं समोर ठेवली की हा निष्कर्ष जरा बोचतो. तिथे तर बरे नव्हे, चांगले चाललेले संघ मोडले गेले.

मागे पडण्याचं कारण गूढ नाही. संघात शिष्यवृत्तीवर ८५ खेळाडू असायचे आणि त्यांना चार-पाच वर्षांच्या तुकड्यांनी गोळा केलेलं असायचं. नेब्रास्का पिढ्यान्पिढ्या ऑप्शन पद्धतीने खेळत आली होती: क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमणाची सूत्रं हाती असलेला खेळाडू, चेंडू घेऊन स्वतः धावतो, आणि शेवटच्या क्षणी ठरवतो की ठेवायचा की शेजारच्याकडे टाकायचा. त्यासाठी पळणारा क्वार्टरबॅक आणि धक्के देऊन वाट मोकळी करणारे गडी लागतात. कॅलाहन व्यावसायिक लीगमधून आले ते लांब-आखूड पासांचा खेळ घेऊन. पळणाऱ्या मुलांना रातोरात फेकणारी मुलं करता येत नाही. नवी तुकडी भरून ती पिकायला तीन-चार वर्षं लागतात, आणि तेवढ्यात कॅलाहन यांचीच मुदत संपली. रायली आणि फ्रॉस्ट यांच्या वेळी हीच मोडतोड पुन्हा झाली. मुख्य कोच एकटा जातही नाही. त्याच्याबरोबर सहायकांची फौज जाते आणि त्यांनी शाळाशाळांतून जपलेल्या ओळखीही जातात.

पण निव्वळ कोच बदलण्यावर सगळं ढकललं तर नेब्रास्काची गोष्ट अर्धीच राहील. मुळात तो सोनेरी काळ आला कुठून?

बॉब डेव्हनी यांनी १९७० आणि १९७१ ची राष्ट्रीय अजिंक्यपदं मिळवली. त्यांचे वारस टॉम ऑसबोर्न यांनी १९७३ ते १९९७ या पंचवीस हंगामांत २५५ सामने जिंकले, एकाही हंगामात नऊपेक्षा कमी नाही, आणि तीन अजिंक्यपदं. हे दोघे थोर होतेच. पण त्यांच्या हाताशी असं बरंच काही होतं जे इतरांकडे नव्हतं. १९६९ मध्ये बॉइड एप्ली यांना नेब्रास्काने वजनं उचलण्याच्या सरावासाठी नेमलं, तेव्हा वजनं उचलली की खेळाडू अवघडतो आणि मंदावतो असं बहुतेक कोच मानत. नेब्रास्काची पोरं अंगाने दांडगी झाली आणि तरीही वेगवान राहिली. मग देशभर व्यायामशाळा उभ्या राहिल्या, एप्ली यांच्याच हाताखालून गेलेली माणसं इतर विद्यापीठांत गेली आणि ही आघाडी विरून गेली. दुसरं म्हणजे, शिष्यवृत्तीशिवाय संघात येणारी गावोगावची मुलं. शेतकऱ्यांचे दणकट पोरगे स्वखर्चाने येत आणि दोन-तीन वर्षांत मैदानावर उतरत. आणि तिसरं, दूरचित्रवाणी. १९८४ पर्यंत कोणाचे सामने दिसणार हे विद्यापीठांच्या खेळांची राष्ट्रीय संघटना ठरवायची आणि मोजकेच सामने दिसायचे. त्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ही मक्तेदारी मोडली. पुढे हळूहळू जवळपास सगळेच पडद्यावर आले. टेक्सासमधल्या पोराला घराजवळ राहूनही देशाला दिसता येऊ लागलं, मग कडाक्याच्या थंडीत लिंकनला कशाला जायचं?

चांगले खेळाडू टेक्सास, फ्लोरिडा, कॅलिफोर्निया, जॉर्जिया इथे पिकतात. नेब्रास्कात मोजके. त्यातच २०११ मध्ये विद्यापीठाने टेक्सासच्या संघांबरोबरचा जुना गट सोडला आणि बिग टेन गटात प्रवेश केला. पैशाच्या दृष्टीने निर्णय शहाणपणाचा होता, पण टेक्सासच्या मैदानांवर दरवर्षी होणारी हजेरी बंद झाली. हे कुठल्याच कोचच्या हातात नव्हतं. मोजपट्टी मात्र तीच राहिली, ऑसबोर्न यांची. गंमत म्हणजे त्याच पट्टीवर खुद्द ऑसबोर्नही नापास झाले असते. पहिली पाच वर्षं ते जुन्या प्रतिस्पर्धी ओक्लाहोमाकडून सलग हरले आणि पहिलं अजिंक्यपद त्यांना बाविसाव्या हंगामात, १९९४ मध्ये मिळालं. आजच्या संचालकाने त्यांना तिथवर पोचू दिलं असतं का? मला तरी वाटत नाही.

फ्रॉस्ट यांची कथा जास्त चटका लावते. १९९७ च्या विजेत्या नेब्रास्काचा क्वार्टरबॅक तेच. सेंट्रल फ्लोरिडा विद्यापीठाचा संघ २०१५ मध्ये बाराच्या बारा सामने हरला होता. फ्रॉस्ट तिथे गेले आणि २०१७ मध्ये तोच संघ तेराच्या तेरा जिंकला. घरचा मुलगा आणि वर जादूगार, मग लिंकनमध्ये आनंदाला काय तोटा! गाल्टनच्या चष्म्यातून मात्र दोन्ही टोकं संशयास्पद दिसतात. शून्य विजयांचा संघ बहुधा तितका वाईट नसतो आणि तेरा विजयांचा तितका चांगला नसतो. कोचला बाजारात सगळ्यात जास्त भाव येतो तो त्याच्या सर्वोत्तम वर्षानंतर, म्हणजे पुढे उतार लागण्याची शक्यता सर्वाधिक असताना.

सगळं नशिबावर लोटता येत नाही हेही इथेच दिसतं. फ्रॉस्ट यांच्या काळात आठ किंवा कमी गुणांच्या फरकाने संपलेले सामने २७, त्यांपैकी जिंकले ५, हरले २२. नुसत्या छाप्या-काट्यात इतकी वाईट ओळ येण्याची शक्यता सुमारे तेराशेत एक. या स्तरावर सुमारे १३० संघ खेळतात, त्यामुळे अशी ओळ कोणाच्या तरी वाट्याला येण्याची शक्यता दहात एकच्या आसपास जाते. म्हणजे नशीब आडवं आलं असेलही, पण चुकाही होत्या. २०२२ मध्ये डब्लिनला नॉर्थवेस्टर्नविरुद्ध २८-१७ ने पुढे असताना फ्रॉस्ट यांनी अचानक आखूड किक मारून चेंडू पुन्हा आपल्याकडेच ठेवण्याचा डाव टाकला. तो फसला आणि सामना ३१-२८ ने गेला. दोन आठवड्यांनी जॉर्जिया सदर्नकडून हार, आणि दुसऱ्या दिवशी नारळ. करार मोडण्याची किंमत होती सुमारे दीड कोटी डॉलर. १ ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे जेमतेम तीन आठवडे थांबले असते तर ती निम्मी झाली असती. थांबले नाहीत.

ही घाई समाजशास्त्रज्ञांना नवी नाही. १९६४ मध्येच गॅम्सन आणि स्कॉच यांनी बेसबॉलच्या व्यवस्थापकांविषयी लिहिलं होतं, की त्यांना काढण्याने खेळ सुधारत नाही. तो बळी देण्याचा विधी असतो, प्रेक्षकांना आणि मालकांना काहीतरी केल्याचं समाधान देणारा. नेब्रास्कात विधी करणारेही बदलत राहिले. सोलिच यांना काढणाऱ्या पीडरसन यांना २००७ मध्ये काढलं गेलं, आणि २०२४ पर्यंत त्या खुर्चीत आणखी पाच जण बसले. नव्या संचालकाला स्वतः निवडलेला कोच हवा असतो.

शेजारच्या आयोवा राज्यात बघा. लोकसंख्या बत्तीस लाखांच्या आसपास, खेळाडूंचा दुष्काळ तिथेही. कर्क फेरेन्ट्झ १९९९ मध्ये कोच झाले. पहिल्या वर्षी ११ पैकी १० सामने हरले, दुसऱ्या वर्षी १२ पैकी ९. त्यांना ठेवलं. २००२ मध्ये ११ विजय आले. २०१२ मध्ये पुन्हा १२ पैकी ८ पराभव, पुन्हा ठेवलं. २०१५ चा नियमित हंगाम ते अपराजित खेळले. या काळात, १९९१ ते २०२३, आयोवात क्रीडा संचालक झाले फक्त दोन. एका उदाहरणाने सिद्धांत सिद्ध होत नाही, आणि वाईट कोचला ठेवून बुडालेली विद्यापीठंही आहेत, त्यांची नावं आपल्याला आठवत नाहीत एवढंच. पण तुलनेसाठी याहून जवळचा शेजारी मिळणं कठीण.

नेब्रास्काच्या संचालकांनाही ही तुलना सुचली होती. २०१४ च्या नोव्हेंबरात पेलिनी यांच्या संघाने आयोवाला जादा वेळेत ३७-३४ ने हरवलं आणि दोनच दिवसांनी त्यांना काढलं गेलं. नऊ विजय पुरेसे का नाहीत असं विचारल्यावर संचालक शॉन आयकहोर्स्ट म्हणाले, की आयोवा कुठे आहे हेही आपल्याला बघावं लागलं. म्हणजे आयोवाला हरवण्यात विशेष ते काय! त्यानंतर आयोवाने नेब्रास्काला सलग सात वर्षं हरवलं. ही मालिका २०२२ मध्ये तुटली, ती फ्रॉस्ट गेल्यावर उरलेला हंगाम सांभाळणाऱ्या हंगामी कोचच्या हाताखाली. दुसऱ्या दिवशी विद्यापीठाने नवा मुख्य प्रशिक्षक जाहीर केला: मॅट रूल, सोलिच यांच्यानंतरचे पाचवे कायमस्वरूपी कोच.