चेंडू येण्याआधीची नजर

12 एप्रिल 2022. माद्रिदच्या सांतियागो बर्नाबेऊ मैदानावर चॅम्पियन्स लीगच्या उपांत्यपूर्व फेरीचा परतीचा सामना चालू होता. लंडनमधला पहिला सामना रेयाल माद्रिदने 3-1 असा जिंकलेला होता, पण परतीच्या लढतीत चेल्सीने एकापाठोपाठ तीन गोल चढवल्यामुळे एकूण गोलसंख्येत इंग्लिश संघ 4-3 असा पुढे गेला होता. 80व्या मिनिटाला डाव्या अंगाला उभ्या असलेल्या माद्रिदच्या लुका मॉड्रिच या क्रोएशियन मध्यरक्षकाने उजव्या पायाच्या बाहेरच्या कडेने चेंडू उचलला. चेल्सीच्या बचावफळीच्या डोक्यांवरून वळण घेत तो पलीकडच्या बाजूने धावत आलेल्या सहकारी रॉड्रिगोच्या पायाशी उतरला आणि रॉड्रिगोने तो जमिनीवर टेकू न देता थेट जाळ्यात मारला. सामना अतिरिक्त वेळेत गेला, तिथे माद्रिदच्या बेन्झेमाने गोल केला आणि पुढे त्या हंगामाचा करंडकही माद्रिदकडेच आला. मॉड्रिच तेव्हा 36 वर्षांचा होता.

या पासमागचे भौतिकशास्त्र तुलनेने सोपे आहे. फुटबॉलचे वजन 410 ते 450 ग्रॅम आणि परीघ सुमारे 70 सेंटिमीटर असतो. उजव्या पायाच्या बाहेरच्या कडेने मारलेला चेंडू, वरून पाहिल्यास, घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरत पुढे जातो. त्यामुळे त्याच्या उजव्या बाजूचा पृष्ठभाग समोरून येणाऱ्या हवेबरोबर मागे सरकत असतो, तर डाव्या बाजूचा हवेच्या विरुद्ध पुढे येत असतो. उजवीकडची हवा चेंडूला अधिक काळ बिलगून राहते, चेंडूमागून निघताना डावीकडे ढकलली जाते आणि प्रतिक्रिया म्हणून चेंडू उजवीकडे वळतो. यालाच मॅग्नस परिणाम म्हणतात. असा पास देण्यासाठी खेळाडूला कंबर वळवावी लागत नाही, त्यामुळे वेळ वाचतो आणि समोरच्या बचावपटूला चेंडूच्या दिशेचा सुगावाही उशिरा लागतो. हे कसब सरावाने साधते आणि जगात ते साधलेले खेळाडू पुष्कळ आहेत. रॉड्रिगो त्या क्षणी तिथे येणार आहे हे मॉड्रिचला ठाऊक कसे होते, हा प्रश्न मला त्याहून अवघड आणि अधिक रंजक वाटतो.

मैदानाच्या मध्यभागी खेळणाऱ्या मध्यरक्षकाची अडचण अशी की त्याला प्रतिस्पर्धी चारही दिशांनी असतात. बाजूने खेळणाऱ्याच्या एका अंगाला निदान सीमारेषा असते, ती कुणाला पाठीमागून येऊ देत नाही. मध्यरक्षकाला तेवढाही आसरा नसतो. त्यात आपले डोळेही तोकडे पडतात. दृष्टिपटलाच्या मध्यावरच्या एका बारीक खळग्यातूनच आपल्याला बारीक तपशील दिसतात आणि त्या स्पष्ट दृष्टीचा कोन जेमतेम दोन अंशांचा असतो, म्हणजे हात लांब करून धरलेल्या अंगठ्याच्या रुंदीएवढा. भोवतालच्या भागात हालचाल जाणवते, पण ती कोणाची आणि किती अंतरावरची हे नीट कळत नाही, आणि पाठीमागचे तर काहीच दिसत नाही. त्यातच सेकंदाला 15 मीटर वेगाने येणारा पास 15 मीटरचे अंतर एका सेकंदात कापतो. चेंडू पायाशी आल्यावर मान वर करून पाहणाऱ्याला तेवढ्यात कोणीतरी गाठलेले असते.

तेव्हा पाहायचे ते आधीच पाहून ठेवावे लागते. नॉर्वेच्या गेइर यॉर्डेट या क्रीडामानसशास्त्रज्ञाने खेळाडूंच्या मानेच्या या हालचालींचा पद्धतशीर अभ्यास केला आहे. त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 2013 साली मांडलेल्या अभ्यासात इंग्लिश प्रीमियर लीगमधील 118 खेळाडूंच्या चित्रफिती तपासून, चेंडू मिळण्यापूर्वीच्या काही सेकंदांत प्रत्येक जण चेंडूवरून नजर काढून इतरत्र किती वेळा पाहतो हे मोजले. फ्रँक लॅम्पार्ड सेकंदाला सरासरी 0.62 वेळा आणि स्टीव्हन जेरार्ड 0.61 वेळा, म्हणजे दर दीड-पावणेदोन सेकंदांना एकदा मान वळवत असे आणि दोघेही मध्यरक्षकच होते. जे अधिक वेळा पाहत, त्यांचे पुढच्या दिशेने दिलेले पास अधिक प्रमाणात अचूक ठरत होते. अर्थात यावरून मान फिरवल्यानेच पास अचूक होतात असे ठामपणे म्हणता येत नाही. मुळात चांगला असलेला खेळाडू अधिक पाहत असेल, किंवा त्याला पाहण्याइतकी उसंत तरी मिळत असेल. तरीही किती वेळा पाहिले याइतकेच केव्हा पाहिले यालाही महत्त्व आहे. सहकाऱ्याच्या पायाचा चेंडूला स्पर्श होऊन गेला की पुढच्या स्पर्शापर्यंत चेंडूची दिशा बदलणार नसते आणि तेवढ्या पाव-अर्ध्या सेकंदात नजर निर्धास्तपणे दुसरीकडे नेता येते. स्पर्शाच्या ऐन क्षणी मात्र ती चेंडूवर परतलेली असावी लागते.

दूरचित्रवाणीवर हे सहसा दिसत नाही, कारण कॅमेरा चेंडूमागे धावतो आणि मध्यरक्षकाचे काम चेंडू दुसऱ्याकडे असताना चालते. सामन्याच्या 90 मिनिटांत एका खेळाडूच्या पायाशी चेंडू असण्याचा काळ एक-दोन मिनिटांच्या फारसा पुढे जात नाही. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसून, चेंडूकडे साफ दुर्लक्ष करून, पाच मिनिटे मधल्या फळीतल्या एकाच खेळाडूच्या मानेकडे पाहत राहिले तर हा खेळ वेगळाच दिसू लागतो.

मधल्या फळीत पुढे एवढे नाव कमावणाऱ्या मॉड्रिचला लहानपणी मात्र नाकारण्यात आले होते. त्याचा जन्म 9 सप्टेंबर 1985 रोजी क्रोएशियातील झादारचा. डिसेंबर 1991 मध्ये, युद्ध पेटलेले असताना, त्याच्या आजोबांची हत्या झाली, कुटुंब निर्वासित झाले आणि पुढची काही वर्षे झादारमधल्या हॉटेलांत राहिले. हॉटेलच्या वाहनतळावर चेंडू खेळणारा मुलगा तिथूनच स्थानिक क्लबपर्यंत पोहोचला. हायडुक स्प्लिट या मोठ्या क्लबने तो अंगाने फारच किरकोळ आहे म्हणून त्याला घेतले नाही. मुलांच्या उंचीवाढीचा वेग साधारण चौदाव्या वर्षाच्या आसपास सर्वाधिक असतो, पण हे वय सगळ्यांचे सारखे नसते. कोणाचे दीड-दोन वर्षे अलीकडे, कोणाचे तितकेच पलीकडे. म्हणजे तेरा वर्षांच्या दोन मुलांत एकाचे शरीर पंधराच्या मुलाचे आणि दुसऱ्याचे अकराच्या मुलाचे असू शकते. निवड करणाऱ्याच्या डोळ्यांत पहिला भरतो, कारण त्या वयात तो खरोखरच सामने जिंकून देत असतो. उशिरा वाढणाऱ्याला अंगमेहनतीची झटापट परवडत नाही, म्हणून धक्का बसण्याआधी चेंडू सोडायला तो शिकतो असे अनेक प्रशिक्षक सांगतात. मला हे पटते, पण जे अशाच मुलांतून गळून गेले त्यांची गणती कोणी ठेवलेली नसते, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. मॉड्रिचची उंची पुढे 1.72 मीटरवर थांबली. झाग्रेबच्या डायनॅमो क्लबने त्याला घेऊन बोस्नियातील मोस्तार इथे एका हंगामासाठी उसना दिला, तिथल्या राकट खेळातून तो परतला, 2008 मध्ये टॉटनहॅमकडे आणि 2012 मध्ये रेयाल माद्रिदकडे गेला.

तो पायांपेक्षा डोक्याने खेळतो, असे त्याच्याविषयी कौतुकाने म्हटले जाते, ते अर्धवट आहे. व्यावसायिक मध्यरक्षक एका सामन्यात साधारण 11 ते 12 किलोमीटर अंतर कापतो, त्यातले बरेचसे चालत किंवा हलके पळत आणि थोडेसे पूर्ण वेगाने. लागणाऱ्या ऊर्जेचा मोठा वाटा ऑक्सिजनच्या साहाय्याने तयार होतो, तरी जोरदार धावांसाठी स्नायूंतील ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर, खर्ची पडते. सामन्यानंतर मांडीच्या स्नायूचे नमुने घेऊन तपासले असता जवळपास निम्म्या तंतूंमधले ग्लायकोजेन संपलेले किंवा संपत आलेले आढळले आहे, आणि तो साठा पुन्हा भरायला दोन-तीन दिवस जातात. 2018 च्या विश्वचषकात क्रोएशियाने 1 जुलैला डेन्मार्कशी, 7 जुलैला रशियाशी आणि 11 जुलैला इंग्लंडशी अतिरिक्त वेळेपर्यंत झुंज दिली. त्यांपैकी पहिले दोन सामने मॉड्रिच पूर्ण खेळला आणि तिसऱ्यात 119व्या मिनिटाला बाहेर आला. डेन्मार्कविरुद्ध 116व्या मिनिटाला त्याची पेनल्टी अडवली गेली होती आणि काही मिनिटांनी शूटआउटमध्ये तो पुन्हा चेंडू ठेवायला पुढे आला. अंतिम सामन्यात फ्रान्सने क्रोएशियाला 4-2 असे हरवले, तरी स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडूचा गोल्डन बॉल आणि वर्षअखेरीस जगातील सर्वोत्तम फुटबॉलपटूचा बॅलन डी'ओर त्यालाच मिळाला.

वयाबरोबर सर्वांत आधी उतरतो तो कमाल वेग. वेगाने आकुंचन पावणारे स्नायुतंतू आणि त्यांना चालवणाऱ्या चेतापेशी तुलनेने लवकर घटतात. ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमताही तिशीनंतर दशकाला सुमारे दहा टक्क्यांनी घसरते, पण सातत्याने कसून सराव करणाऱ्यांमध्ये ही घसरण बरीच मंद राहते. जर्मनीच्या बुंडेसलिगा या अव्वल लीगमधील खेळाडूंच्या अभ्यासात हाच विषम उतार दिसला: तिशी ओलांडलेल्यांनी कापलेले एकूण अंतर किंचितच कमी होते, पूर्ण वेगाच्या धावा मात्र ठळकपणे कमी होत्या आणि पासची अचूकता उलट वाढलेली होती. इथेही एक सावधगिरी हवी. तिशीनंतर वरच्या पातळीवर टिकलेले खेळाडू आधीच गाळून उरलेले असतात, तेव्हा वयाने अचूकता वाढते की अचूक असलेलेच उरतात हे या आकड्यांवरून उलगडत नाही.

पण मध्यरक्षकाला हा उतार इतरांपेक्षा का सोसतो, ते समजू शकते. बगलेने धावणाऱ्या आघाडीपटूचा सारा व्यवहार बचावपटूपेक्षा अर्धा मीटर पुढे असण्यावर चालतो आणि तो अर्धा मीटर गेला की त्याच्या हाती फारसे काही उरत नाही. मध्यरक्षकाला मात्र निघण्याची वेळ आधी ठरवता येते. चेंडू कुठे पडणार हे अर्धा सेकंद आधी ओळखले, तर ताशी 20 किलोमीटर वेगाने धावणाऱ्या खेळाडूला जवळपास पावणेतीन मीटरची सूट मिळते, आणि एवढा फरक निव्वळ वेगाच्या बळावर भरून काढणे तरण्याबांड खेळाडूलाही कठीण जाते.

रेयाल माद्रिदमधले 13 हंगाम आणि 28 करंडक मागे ठेवून 2025 च्या उन्हाळ्यात मॉड्रिच एसी मिलानकडे गेला. तिथे प्रशिक्षक अलेग्रीने त्याला तीन बचावपटूंच्या लगेच पुढे, खोलात खेळवले. त्या जागेवरून मैदानाचा बराचसा भाग आणि बहुतेक प्रतिस्पर्धी समोर राहतात, पाठीमागून चाल करून येणारे कमी असतात, म्हणजे मानेला फिरण्याचा कोन लहान होतो आणि पायांना लांब पल्ल्याच्या धावाही कमी पडतात. चाळिसावा वाढदिवस होऊन पाच दिवस झाले होते, तेव्हा बोलोन्याविरुद्ध मिलानने 1-0 असा विजय मिळवला आणि तो एकमेव गोल मॉड्रिचचा होता.