जलद भारण, विद्युत वाहनांचे

वाहनाबाहेरील स्थानकातून घटमालेला (बॅटरीला) थेट एकदिश (डीसी) प्रवाह देऊन अल्पावधीत ऊर्जा भरण्याची पद्धती. घरगुती प्रत्यावर्ती (एसी) जोडणीत रूपांतराचे काम वाहनातला एकदिशकारक करतो. त्याची क्षमता बहुधा ३.३ ते ११ किलोवॉट असल्याने वेग तेथेच अडतो.

किती शक्तीपासून ‘जलद’ म्हणावे, यावर एकमत नाही. यूरोपीय संघाच्या २०१४ च्या निर्देशात २२ किलोवॉटपर्यंतचे स्थानक ‘सामान्य’ धरले आहे, तर भारताच्या २०१८ च्या मार्गदर्शक तत्त्वांत २२ किलोवॉटचा एसी चार्जर ‘जलद’ गटात येतो. शक्तीचे घटमालेच्या क्षमतेशी असलेले गुणोत्तर पाहणे अधिक सयुक्तिक वाटते. ५० किलोवॉट मोटारीला पुष्कळ, ट्रकला तुटपुंजे.

जपानमध्ये २०१० साली पुढे आलेल्या ‘चाडेमो’ या जलद भारण-जोडणीच्या मानकाच्या नावाची फोड दोन प्रकारे करतात : ‘चार्ज दे मूव्ह’ हा विस्तार, आणि गाडी भरेपर्यंत चहा घ्यावा असे सुचवणारा जपानी शब्दश्लेष. पहिली फोड मूळची व श्लेष पूरक मानणे योग्य ठरेल. भारतात मोटारींसाठी सीसीएस-२ (‘कम्बाइन्ड चार्जिंग सिस्टिम’, एसी व डीसी दोन्हींसाठीचे एकत्रित मानक) हीच जोडणी आता रूढ आहे.

चार्जरवर लिहिलेली शक्ती अखेरपर्यंत मिळत नाही. लिथियम-आयन घटात प्रवाह फार वाढवल्यास, विशेषतः थंडीत, लिथियम ऋणाग्राच्या ग्रॅफाइटमध्ये शिरण्याऐवजी त्यावर धातुरूपात साचते. घटाची क्षमता घटते, क्वचित अंतर्गत मंडल-संक्षेप (शॉर्ट सर्किट) होतो. म्हणून साधारण ८० टक्क्यांनंतर प्रवाह उतरवतात आणि उत्पादक बहुधा १० ते ८० टक्क्यांचाच वेळ देतात. दोन गाड्यांची तुलना करताना हे ध्यानात ठेवावे.

ट्रकसाठीच्या मेगावॉट प्रणालीची कमाल मर्यादा १,२५० व्होल्ट व ३,००० अँपिअर, म्हणजे ३.७५ मेगावॉट आहे. एवढ्या प्रवाहामुळे केबल द्रवाने थंड ठेवावी लागते. यूरोपात चालकाला साडेचार तासांनंतर ४५ मिनिटे विश्रांती सक्तीची आहे. तेवढ्यात ४५० युनिट भरायची तर सरासरी ६०० किलोवॉट लागतात.

खर्च : सार्वजनिक स्थानकात वीजदरावर सेवा आकार व १८ टक्के जीएसटी चढतो. केंद्राच्या २०२४ च्या तत्त्वांनुसार स्थानकाला सकाळी ९ ते दुपारी ४ या सौर तासांत सरासरी पुरवठा खर्चाच्या ०.७ पट, इतर वेळी १.३ पट दर सुचवला आहे. प्रत्यक्ष दर राज्य वीज नियामक आयोग ठरवतात. रात्रीची वीज स्वस्त, हा जुना हिशेब येथे उलटा होतो.