नकाशावर कोरडं दिसतं म्हणजे कोरडं असतंच असं नाही

पूर आला की सगळे आधी सॅटेलाइट फोटो शोधतात, पण पूर येतो तेव्हा आभाळ भरलेलं असतं, त्यामुळे साध्या कॅमेऱ्याला वरून फक्त ढग दिसतात. म्हणून या कामात खरा आधार रडारचा. युरोपची सेंटिनेल-१ ही सॅटेलाइटची मालिका २०१४ पासून हेच करतेय, स्वतःच रेडिओ लहरी खाली सोडायच्या आणि परत किती आल्या ते मोजायचं, मग ढग असोत नाहीतर मध्यरात्र, काही अडत नाही. शांत पाणी आरशासारखं, तिरकी आलेली लहर पलीकडेच फेकून देतं, सॅटेलाइटकडे जवळपास काहीच परत येत नाही आणि ती जागा काळी दिसते. पुराच्या आधीची इमेज नि नंतरची इमेज शेजारी ठेवली की जे नव्याने काळं झालंय ते बहुतेक पाणी.

बहुतेक म्हणतोय, कारण वारा सुटून पाण्यावर लाटा उठल्या की तेच पाणी उजळ दिसायला लागतं. आणि झाडांखाली किंवा घरांच्या मधे पाणी साचलं असेल तर लहर पाण्यावरून उसळून खोडाला नाहीतर भिंतीला धडकते आणि सरळ माघारी येते, म्हणजे काळं दिसायच्या ऐवजी उलट जास्तच चमकतं! माणसं राहतात नेमक्या त्याच जागी पाणी ओळखायला सगळ्यात अवघड, हे मला फार खटकतं. झाडांच्या बाबतीत लांब लहरींनी फरक पडतो. सेंटिनेलची लहर साधारण साडेपाच सेंटिमीटरची, ती पानांतच अडकते, पण जुलै २०२५ मध्ये सोडलेल्या नासा-इस्रोच्या निसार सॅटेलाइटवर सुमारे २४ सेंटिमीटर लहरीचं रडारपण आहे, ते झाडोऱ्यातून बरंच खाली पोचतं.

पण हे झालं पूर आल्यावरचं. पाणी कुठे जाईल हे आधी सांगायचं तर जमिनीची उंची लागते, आणि माझ्या मते सगळा खेळ इथेच आहे. फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर यानाने ११ दिवसांत पृथ्वीवरच्या साधारण ८० टक्के जमिनीची उंची रडारने मोजली, आज ३० मीटरच्या चौकटीला एक उंची असा तो डेटा कुणालाही फुकट मिळतो. कॉम्प्युटर प्रत्येक चौकटीच्या आठ शेजाऱ्यांकडे बघतो, सगळ्यात जास्त उतार जिकडे तिकडे पाणी ढकलतो, मग कुठल्या चौकटीत वरून किती चौकटींचं पाणी येतंय ते मोजत जातो आणि नदी-ओढे कुणी न काढता स्क्रीनवर उमटतात. पहिल्यांदा बघताना अंगावर काटा येतो खरंच.

अडचण अशी की त्या रडारने पुष्कळ ठिकाणी जमीन नाही, झाडांचे शेंडे नि छपरं मोजली. डोंगरात चार मीटर इकडेतिकडे झाले तर चालतं, सपाट किनाऱ्यावर एका मीटरमध्ये आख्खी वस्ती कोरडी ठरते. २०१९ साली नेचर कम्युनिकेशन्स या विज्ञान नियतकालिकात आलेल्या अभ्यासात ही चूक दुरुस्त केल्यावर समुद्राच्या पाण्याचा धोका असलेल्या लोकांचा जगभरातला अंदाज जवळपास तिप्पट झाला. समुद्र तोच, माणसं तीच, बदलली फक्त उंची. विमानातून लेझर सोडून मोजणारं लिडार याच्यापेक्षा खूप अचूक असतं, पण ते महाग आणि सगळीकडे झालेलं नाही. शिवाय डेटा बारीक असला की पूल नदीत आडव्या भिंतीसारखा दिसतो, कॉम्प्युटर बिचारा तिथे पाणी तुंबवतो, तो पूल डेटामधून कापून काढावा लागतो.

जुन्या नोंदीपण फार कामाच्या. १९८४ ते २०१५ मधल्या लँडसॅट या साध्या कॅमेऱ्याच्या अमेरिकन सॅटेलाइट मालिकेच्या ३० लाख इमेज वापरून कुठला पिक्सेल किती वेळा पाण्याखाली सापडला याचा जगाचा नकाशा झालाय, त्यात नद्यांची सोडलेली जुनी पात्रंसुद्धा दिसतात. मात्र एक लँडसॅट एका जागेवर १६ दिवसांनी येतो आणि त्यालाही ढगांचा त्रास, त्यामुळे दोन दिवसांत ओसरलेला पूर त्यात सापडेलच असं नाही, म्हणून त्या नकाशावर शून्य दिसलं तरी तिथल्या म्हाताऱ्या माणसांना एकदा विचारून घ्यावं, पाणी कुठल्या पायरीपर्यंत चढलं होतं.